इंग्रजी क्रियाविशेषणांची सोयरीक

गेल्या महिन्यात माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातील एका मुलीने नोकरीच्या अर्जासाठी लिहिलेला परिच्छेद मला तपासायला दिला. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेली, घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी ही मुलगी अतिशय मेहनती आहे, आणि नेमके तेच तिला अर्जात सांगायचे होते. तिने लिहिले होते, 'आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर थ्री इयर्स.' वाचणाऱ्याला यातून कळले असते ते इतकेच, की तीन वर्षांत हिने जवळजवळ काहीच काम केलेले नाही. विशेषणाला 'ली' जोडले की क्रियाविशेषण तयार होते, हा शाळेत शिकवलेला नियम तिने प्रामाणिकपणे पाळला होता. 'वर्क' या क्रियापदाची सोयरीक 'हार्ड'शी झालेली आहे आणि 'हार्डली' हे वेगळ्याच घरचे माणूस आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नव्हते.

तिची वही हातात असताना मला माझीच एक चूक आठवली. शिकवायला लागण्यापूर्वी मी अनेक वर्षे टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार पाहत असे. एकदा माल वेळेवर निघाला नाही म्हणून मी ग्राहकाला लिहिले, 'वी स्ट्राँगली अपॉलॉजाइझ.' माझ्या मनात 'तीव्र दिलगिरी' होती आणि 'तीव्र' म्हणजे 'स्ट्राँग' हे शब्दकोशात स्पष्ट दिलेले होते. मुंबईच्या एका अनुभवी मध्यस्थांनी ते पत्र वाचून मला फोनवर समजावले की, ताई, माफी 'सिन्सिअरली' मागायची असते. 'स्ट्राँगली' म्हटले की माणूस भांडायला उभा राहिल्यासारखा वाटतो. त्यांचे हे एक वाक्य मला व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडले. 'स्ट्राँगली' हे क्रियाविशेषण भूमिका घेणाऱ्या क्रियापदांबरोबर नांदते, म्हणजे विरोध करणे, पाठिंबा देणे, सुचवणे, शिफारस करणे, आरोप नाकारणे यांच्याबरोबर. मनाच्या तळाशी होणाऱ्या गोष्टी, जसे की खेद वाटणे किंवा एखाद्याविषयी आदर वाटणे, या 'डीपली' होतात. विश्वास ठेवणे 'फर्मली' होते. 'हायली' मुख्यतः मोल करणाऱ्या क्रियापदांकडे जाते. म्हणून 'हायली रेकमेंड' शोभते, पण 'हायली रिग्रेट' ऐकताच इंग्रजी माणूस थबकतो.

हे सारे पाठ करण्याचे ओझे आहे असे विद्यार्थ्यांना वाटते, आणि तेव्हा मी त्यांना मराठीकडे वळवते. याच मुलीने वर्गात एकदा मराठीत सांगितले होते, 'मॅडम, घरात माग चालू असला तरी मी जोरात झोपते.' सगळ्यांना अर्थ कळला. मागाच्या खडखडाटात लहानाचे मोठे झालेल्या मुलीची झोप कशी असते, हे पूर्व भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही चारपाच जणांनी एकाच वेळी तिला दुरुस्त केले, 'गाढ झोपते.' मी विचारले की, 'जोरात' का नाही? कोणालाही कारण देता आले नाही, आणि देता येणारही नव्हते. आपण ढसाढसा रडतो आणि खदखदा हसतो, पाणी घटाघटा पितो. पोलीस कसून चौकशी करतात, गावकरी कडाडून विरोध करतात. यातील एकही जोडी आपण नियमाने शिकलेलो नाही, पण एक जरी मोडली तरी कानाला तत्काळ खटकते. माझे 'स्ट्राँगली अपॉलॉजाइझ' त्या मध्यस्थांच्या कानाला कसे लागले असेल, हे मला खऱ्या अर्थाने 'जोरात झोपते' ऐकल्यावर कळले.

इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिले की, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. हेच फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, आणि अनेक भाषा एका अंगणात नांदताना त्यांनी तेथे नक्कीच ऐकल्या असतील, असे सोलापुरात राहणाऱ्या मला वाटून जाते. पुढे भाषाशास्त्रज्ञ सिडनी ग्रीनबाउम यांनी नेमका क्रियापद आणि क्रियाविशेषण यांच्या जोड्यांवर प्रयोग केला आणि तो १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना अर्धवट वाक्ये पूर्ण करायला दिली. 'आय बॅडली' एवढेच दिले असता बहुतेकांनी पुढे 'नीड' किंवा 'वॉन्ट' लिहिले, आणि 'आय एन्टायरली'च्या पुढे बहुतेकांनी 'ॲग्री' लिहिले. ज्यांची ही मातृभाषा, त्यांच्या मनात या जोड्या आधीच बांधलेल्या असतात, हे त्यावरून दिसते.

'बॅडली'पाशी थोडे थांबायला हवे, कारण आमच्या पत्रव्यवहारात तो दोन्ही रूपांनी येत असे. ग्राहकाने 'द टॉवेल्स वेअर बॅडली पॅक्ड' असे लिहिले तर बांधणी वाईट झाली आहे, आणि त्याच ग्राहकाने 'वी बॅडली नीड द टॉवेल्स' असे लिहिले तर त्याला मालाची निकड आहे. शब्द एकच असूनही, शेजारचे क्रियापद बदलताच त्यातील वाईटपणा गळून पडतो आणि केवळ तीव्रता उरते. आपणही 'भयंकर अपघात झाला' म्हणतो आणि 'मला ते गाणे भयंकर आवडले' असेही म्हणतो, तेव्हा हेच घडत असते.

'अटरली', म्हणजे 'पूर्णपणे', या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. 'अटर' या शब्दाचा मूळ अर्थ 'बाहेरचा' एवढाच होता, त्यात वाईट काही नव्हते. परंतु आजच्या इंग्रजीत हा शब्द प्रामुख्याने तिरस्कार करणे, धुडकावणे, अपयशी ठरणे, उद्ध्वस्त होणे अशा क्रियापदांबरोबर दिसतो, आणि त्यांची छाया त्याच्यावर पडलेली आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, ही आपली म्हण मला येथे तंतोतंत लागू पडते असे वाटते. 'आय अटरली ॲग्री' व्याकरणाने शुद्ध आहे, तरी सहसा कोणी तसे म्हणत नाही.

दोन भाषांच्या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या की शिकणे विलक्षण आनंदाचे होते. आपण साफ नाकारतो, इंग्रजी माणूस 'फ्लॅटली' नाकारतो. आपल्या नजरेसमोर स्वच्छ केलेली जागा आहे, त्याच्यासमोर सपाट केलेली. मात्र आपण एखादी गोष्ट साफ विसरतो तेव्हा तोही 'आय क्लीन फरगॉट' म्हणतो आणि तेथे दोघांचे चित्र एकच होते. आपल्याला लख्ख आठवते, त्याला 'व्हिव्हिडली' आठवते. आपण उजेड पाहिला, त्याच्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील जिवंतपणा आहे. 'मुसळधार'ने आपल्याकडे पावसाशिवाय कोणाचे घर पाहिले नाही, पण 'हेविली'चा गोतावळा मोठा आहे: पाऊस पडणे, मद्यपान करणे, कर्ज काढणे, दुसऱ्यावर विसंबणे, अशी वजनाची आणि प्रमाणाची सगळी क्रियापदे त्याच्याकडे येतात.

क्रियाविशेषणाच्या वाक्यातील जागेविषयी एवढेच सांगते की, इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा बसत नाही. 'मी चहा पटकन प्यायले' या वाक्यातील 'पटकन' मराठीत कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये सहज बसते, तर इंग्रजीत 'क्विकली' चहाच्या नंतर किंवा क्रियापदाच्या आधी जाते. 'मला खूप आवडते' याचे 'आय व्हेरी लाइक' करण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण 'व्हेरी' एकटा कधीच क्रियापदाला चिकटत नाही. त्याला 'मच' सोबत लागतो आणि दोघे मिळून बहुधा वाक्याच्या शेवटी जातात.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आता क्रियाविशेषणांच्या याद्या देत नाही. वहीचे एक पान एका क्रियापदाला द्यायचे आणि वाचताना त्याच्याबरोबर जे क्रियाविशेषण सापडेल ते पूर्ण वाक्यासह तेथे उतरवायचे, एवढेच काम असते. 'रेकमेंड'चे पान भरत असताना त्या मुलीने विचारले, 'मॅडम, आपण पुस्तक आवर्जून वाचा म्हणतो, मग आवर्जूनला इंग्रजीत काय?' पुस्तकाच्या बाबतीत 'हायली रेकमेंड' चालेल, असे मी म्हणाले. पण तिने लगेच पुढे विचारले, 'आणि गड्ड्याच्या यात्रेला आवर्जून या?' जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या या यात्रेच्या आमंत्रणात 'हायली' उपयोगाचे नव्हते, 'स्ट्राँगली'ही नव्हते. इंग्रजी हा आग्रह क्रियाविशेषणावर सोपवतच नाही, क्रियापदाच्या आधी नुसता 'डू' ठेवते आणि त्यावर जोर देते. तिने 'कम'साठी नवे पान काढले आणि त्यावर पहिले वाक्य लिहिले, 'डू कम टु सोलापूर इन जॅन्युअरी.'