मनगटावरचा गंडा

परवा रामकुंडावर हात धुताना मनगटावरच्या लाल गंड्याकडे माझे लक्ष गेले. त्याचा रंग विटला होता, गाठीत साबणाचा मळ साचला होता, आणि तरीही तो काढण्याच्या नुसत्या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी देवाचे नाव एकदाही घेतले नव्हते. गंडा जागेवर आहे ना, हे मात्र पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले होते. ज्याच्या नावाने तो बांधला त्याच्यावर नव्हे, तर दोऱ्यावर माझा भरवसा होता, हे लिहिताना लाज वाटते.

तेथून मी काळाराम मंदिरात गेलो. येथेच २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. दार अडवणाऱ्यांकडे गंध, माळ, जानवे यांची उणीव नव्हती. पण रामाच्या दर्शनाला आलेल्या माणसाला त्याच्याच दारातून परतवताना त्यांचा हात थरथरला नाही, याचे मला अतोनात दुःख होते.

संध्याकाळी आईजवळ बसून मी काहीही न मागता हात जोडले. गंडा अजून मनगटावरच आहे.