शिंकानसेनचा प्रवास आणि शाकाहारी शिदोरी : टोकियो ते हिरोशिमा

टोकियोहून क्योतो आणि तेथून हिरोशिमा असा प्रवास आम्ही आईला घेऊन शिंकानसेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, केला. आई माळकरी असल्याने मासे-अंडी वर्ज्य, त्यामुळे वाटेतील खाण्याची सारी भिस्त स्थानकांतील दुकानांवर होती. तोकाइदो, म्हणजे टोकियो ते ओसाका, मार्गावरील नोझोमी आणि हिकारी गाड्यांमध्ये खाद्यपदार्थांची फिरती विक्री ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली आहे. आपल्याकडच्यासारखा चहावाला डब्यात येईल या भरवशावर कोणी बसू नये. जे घ्यायचे ते गाडीत चढण्यापूर्वीच घ्यावे.

दुकानांची साखळी रेल्वे कंपनीप्रमाणे बदलते. टोकियो स्थानकात जेआर (जपान रेल्वे) ईस्टची ‘न्यूडेज’ दुकाने आहेत, शिंकानसेनच्या तिकीट-फाटकाच्या आत गेल्यावर जेआर सेंट्रलची ‘बेलमार्ट किऑस्क’ लागतात, आणि क्योतोपासून पश्चिमेला जेआर वेस्टच्या स्थानकांत बहुधा ‘सेव्हन-इलेव्हन’ दिसते, कारण या दोन कंपन्यांनी २०१४ मध्ये हातमिळवणी केली. रस्त्यावरील दुकाने बहुतांशी चोवीस तास उघडी असतात, स्थानकातील मात्र रात्री बंद होतात. पहाटेची गाडी असेल तर खाणे आदल्या रात्रीच घेऊन ठेवणे उत्तम. फलाटावरील छोट्या दुकानात निवड फारच थोडी असते, म्हणून खरेदी फाटकाजवळच्या मोठ्या दुकानातच उरकावी.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा ओनिगिरीच्या, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या त्रिकोणी गोळ्यांच्या, फळीसमोर होते. आत खारवलेले उमे फळ किंवा कोंबू शेवाळ असलेली ओनिगिरी वरवर निर्धोक वाटते, परंतु तिच्यात ‘कात्सुओ’ म्हणजे बोनिटो माशाचा अर्क असू शकतो. पाकिटावरील ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबून राहू नये. तेथे अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा यांची नोंद सक्तीची आहे, बोनिटोची नाही. त्यासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, तरी ‘कात्सुओ’ जपानी लिपीत कसे दिसते ते घरूनच कागदावर लिहून न्यावे. नेट मंद असताना आम्हाला त्या कागदाचाच आधार झाला. नुसते मीठ घातलेली ‘शिओ मुसुबी’ त्यातल्या त्यात बरी, पण तिचीही यादी पाहावी. याखेरीज केळी, भाजलेले रताळे, दाणे, सोयादूध आणि लाल चवळीसारख्या आझुकीचे योकान, म्हणजे गोड घट्ट वडी, यांवर आईचे चांगले भागले. योकान शेवाळापासून मिळणाऱ्या अगारने घट्ट केलेले असते, त्यात जिलेटिन नसते.

ओनिगिरीचे वेष्टण घाईने फाडू नये. त्यावर १, २, ३ असे आकडे असतात : पहिली पट्टी टोकापासून खाली ओढून गोळ्याभोवती पूर्ण फिरवायची, मग उरलेले दोन कोपरे एकेक करून बाजूला खेचायचे. शेवाळ प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये कोरडे ठेवलेले असते, ते या क्रमाने भाताला कुरकुरीतच चिकटते. इतक्या स्वस्त वस्तूमागे एवढा विचार केलेला पाहून मला मनापासून कौतुक वाटले.

पैशांसाठी सुइकासारखे, आधी पैसे भरून रेल्वेत व दुकानात वापरायचे, कार्ड सर्वांत सोयीचे. मार्च २०१३ पासून देशातील प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रात चालतात, त्यामुळे टोकियोत घेतलेले कार्ड हिरोशिमाच्या दुकानातही चालले. पर्यटकांसाठीच्या ‘वेलकम सुइका’ कार्डाला अनामत लागत नाही, मात्र त्याची मुदत २८ दिवसांची असते आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही; तेव्हा थोडेथोडेच भरावे. रोख येन हवे असल्यास सेव्हन-इलेव्हनमधील एटीएम परदेशी कार्डे स्वीकारते. भारतीय कार्डाचा परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवावा.

जुलै २०२० पासून प्लॅस्टिक पिशवीचे पैसे पडतात, म्हणून कापडी पिशवी जवळ असावी. बाहेर नेण्याच्या खाद्यपदार्थांवर ८ टक्के आणि दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के कर लागतो. सार्वजनिक कचरापेट्या फार थोड्या आहेत. रिकामी पाकिटे जवळ ठेवून शिंकानसेनच्या डब्याबाहेरील पेटीत टाकावीत. शिंकानसेनमध्ये निवांत खाता येते, शहरातील लोकलमध्ये मात्र सहसा कोणी खात नाही.