आमची वाटचाल: जिथे काहीच उरलं नाही तिथे उभं राहून

मी मूळची ठाण्याची. बस 'कॅडबरी जंक्शन'ला बदलायची, हे माझं चॉकलेटविषयीचं एकूण ज्ञान. लग्नानंतर इंग्लंडमधल्या यॉर्कला आले, तेव्हा कळलं की तो चॉकलेटवाला जॉर्ज कॅडबरी उमेदवारी करायला इथेच, पेव्हमेंट नावाच्या रस्त्यावरच्या राउन्ट्रींच्या किराणा दुकानात होता. डोक्यात किडा शिरला तो तिथून. २०१४ साली नवरा आणि मी मिळून यॉर्कच्या चॉकलेटची पायी सहल सुरू केली. पहिल्या रविवारी दोन गिऱ्हाइकं आली. आणि पाऊस.

खरी अडचण पावसाची नव्हतीच. दाखवायला काही नव्हतं. क्रेव्हन या मिठाईवाल्यांचा कॉपरगेटवरचा कारखाना पाडला, तिथे खणल्यावर व्हायकिंगांची वस्ती सापडली, आणि आता लोक तिथे व्हायकिंग बघायला रांग लावतात. टेरी या इथल्याच चॉकलेटवाल्यांच्या कारखान्याला २००५ मध्ये टाळं लागलं, आज तिथे लोक राहतात. ही पोकळी मी सनावळ्यांनी भरत होते आणि लोक घड्याळं बघत होते.

मग सुरुवातच बदलली. आता आम्ही मर्चंट अॅडव्हेंचरर्स हॉलपाशी जमतो. मध्ययुगातल्या व्यापारी संघाची ही लाकडी इमारत अजून शाबूत आहे. १७२५ साली मेरी ट्यूक या अविवाहित क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) बाईने जवळच वॉमगेटवर किराणा दुकान थाटलं. परवाना नाही म्हणून याच संघाने तिला वर्षानुवर्षं छळलं. शेवटी दंड भरून तिने धंद्याचा हक्क मिळवला. हॉल उभा आहे, दुकान नाही. पण तिच्याच दुकानाच्या वारशातून पुढे कोकोचा धंदा वाढला आणि १८६२ मध्ये तो हेन्री राउन्ट्रीने विकत घेतला. त्याच वर्षी मेरी अॅन क्रेव्हनचा नवरा वारला आणि मिठाईचा धंदा तिच्या गळ्यात पडला. तो तिने मरेपर्यंत चालवला. इथे आल्यावर कुणी घड्याळ बघत नाही. (बायका तर नाहीच नाही.)

पुष्कळ काही गिऱ्हाइकांनीच शिकवलं. एकदा किटकॅटचं लाल वेष्टन दाखवत होते. १९३५ साली राउन्ट्रींनी हे चॉकलेट 'चॉकलेट क्रिस्प' नावाने आणलं, वगैरे. गटातले एक आजोबा म्हणाले, "आणि युद्धातलं निळं?" दुधाच्या टंचाईत साधं, बिनदुधाचं चॉकलेट निघालं, ते निळ्या वेष्टनात. आजोबांनी तीस वर्षं राउन्ट्रीत पाळ्या केलेल्या. वारा फिरला की गावभर कोकोचा वास सुटायचा, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून गटात कुणी जुना कामगार आहे का, हे मी आधी विचारते. असला तर निम्मी सहल त्याचीच.

२०२० मध्ये सगळं ठप्प झालं. ते वर्ष नवऱ्याच्या नोकरीवर काढलं.

आता गटात बाराच माणसं घेतो. उन्हाळ्यात एक फेरी मराठीतून असते, मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी. शेवटी सेंट हेलेन्स स्क्वेअरमध्ये, टेरीच्या जुन्या दुकानासमोर, मी चॉकलेटचा डबा उघडते. मागच्या जूनमध्ये डोंबिवलीच्या एक काकू हात पुढे करून म्हणाल्या, "हं, दे बाई आता ती कॅडबरी!"

टेरीच्या दारात. मी दिली.