साठ अंगठे आणि 35 किलो पोहे

मी सिकलसेलच्या पोरांसोबत काम करते, नागपुरातल्या एका छोट्या ट्रस्टमध्ये. आपल्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एक सकाळ बसलं की कळते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि थंडी लागली किंवा पाणी कमी पडलं की असं दुखणं उठते की लेकरू रात्रभर आईचा हात सोडत नाही. म्हणून थंडीच्या आधी 40 पोरांसाठी ब्लँकेट, स्वेटर, पाण्याची बाटली आणि ओपीडीला यायचं एसटीभाडं जमवायचं ठरवलं. रविवारी सकाळी तर्री-पोहे, कुपन 50 रुपयांचं. डिसेंबरात अधिवेशन असते, रस्ते बंद, पोलिसांचा बंदोबस्त, म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा रविवार धरला.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला तर साठ जणांचे अंगठे आले. मीटिंगला आले सात. खूप वाईट वाटलं त्या दिवशी, पण मग मी एकेकाला फोन लावला आणि "येशील का" हे विचारलंच नाही, "तू नक्की काय करशील" एवढंच विचारलं आणि रजिस्टरमध्ये नावापुढे काम लिहिलं. एक पार्किंगला, दोघी कुपन फाडायला, एक फक्त पिण्याच्या पाण्यावर. असे 26 जण झाले, आणि त्या दिवशी 26 च्या 26 आले. "सगळे मिळून करू" म्हटलं की कोणीच करत नाही हे मी आता छातीठोक सांगते.

पैशाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही. कुपनांवर नंबर, प्रत्येकाला वीस-वीसचं बुक, घेताना सही. एक पोट्टा म्हणे ताई माझाच क्यूआर लावू ना, लवकर होईल, मी म्हटलं नाही बेटा, क्यूआर ट्रस्टच्याच खात्याचा राहील. एक काका पाच हजार रोख घेऊन आले, त्यांना सांगितलं की काका 2,000 च्या वर रोख दिले तर इन्कम टॅक्समधली 80जी ची सूट मिळत नाही, चेक द्या. काका घरी जाऊन चेक घेऊन आले, आणि सहा हजारांचा लिहून आणला.

आणि रविवारी पहाटे पाच वाजता आचाऱ्याचा फोन बंद. साडेपाच, पावणेसहा, बंदच. माझे हातपाय गार पडले. नशीब की चणे रात्रीच एका काकूंच्या घरी भिजत घातले होते. त्याच काकू म्हणाल्या, "काऊन घाबरून राहिली, आम्ही सहा जणी आहोत ना." पदर खोचला आणि सुरूच झाल्या. 35 किलो पोहे एकदम भिजवले तर लगदा होते, म्हणून तीन-तीन किलोचा घाणा, मोठ्या चाळणीत घ्यायचे, वरून पाणी सोडायचं, हाताने एकदाच फिरवायचे आणि निथळत ठेवायचे. पोट्टे कांदे चिरून राहिले होते, डोळे पुसून पुसून. दुसऱ्या गंजात तर्री, लाल तेल वर येईपर्यंत काकूंनी कोणाला हात लावू दिला नाही. पावणेआठला पहिली प्लेट गेली. सव्वादहाला गंज रिकामा.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची आई गडचिरोलीहून रात्रीच्या गाडीने आली होती. तिने आधी स्वतःचं कुपन विकत घेतलं, मी नाही म्हटलं तरी, आणि मग दोन तास प्लेटा उचलल्या.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजणी केली. दहाच्या नोटा, सुट्टे, यूपीआयचं स्टेटमेंट. 400 कुपनांचे 20,000 यायला पाहिजे होते, 19,850 निघाले. देणग्यांचे 31,000 वेगळे. किराणा आणि गॅसचा खर्च 7,200. दीडशे कमी, तर मी ग्रुपवर हिशोब टाकताना तसंच लिहिलं, "150 कमी, शोधणं चालू आहे". काही जण म्हणे ताई सोडा ना, मी माझ्या खिशातून टाकतो. नाही टाकू दिले. लोकांनी ज्याच्यासाठी दिले त्याचा पैन् पै हिशोब त्यांना दिसलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने मागायचं?

सोमवारी पार्किंगवाला पोरगा ऑफिसात आला, मूठ घट्ट. आईने जीन्स धुतली होती, खिशात तीन कुपनं आणि दीडशे रुपये. कुपनांचा गोळा झाला होता, पण एकावरचा नंबर वाचता येत होता, 287. मी रजिस्टर काढलं, त्याच्याच हाताने लिहायला लावलं, आणि मग आम्ही दोघं बँकेत गेलो.