स्वस्त पिस्तुलाची चाचणी: शस्त्रागाराच्या खिडकीतून

पोलिसाचं पिस्तूल झाडलं जातं ते बहुतेक सरावाच्या दिवशी. भरलं आणि रिकामं केलं जातं मात्र ड्युटीगणिक. नवं पिस्तूल घ्यायचं म्हणून नेमलेल्या चाचणी मंडळात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, म्हणून माझं नाव आलं, तेव्हा हातात पडलेल्या तक्त्यात या रोजच्या कामाला जागाच नव्हती. वजन, नळीची लांबी, मॅगझिनची क्षमता, पंचवीस मीटरवरचं ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ बसतात ते), बस. आमच्या आर.आय., म्हणजे राखीव पोलीस निरीक्षक, साहेबांना म्हटलं, "साहेब, हत्यार घेताना-जमा करताना खिडकीवर काय होतं, त्याचा एक रकाना हवा." साहेब म्हणाले, "मग आखा की तुम्हीच."

आधी जुन्या हत्याराबद्दल. आमच्याकडचं ९ मिमी ऑटो पिस्तूल १ए म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. मूळ घराणं ब्राउनिंग हाय-पॉवरचं, १९३५ सालचं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कारखान्यानं ते बनवलं आणि आपलं पिस्तूल त्या नमुन्यावरून आलं. सगळं पोलादी, हाताला जड, मॅगझिनमध्ये १३ राउंड. या घराण्याची एक खोड आहे: मॅगझिन काढलं की चाप मरतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, राउंड असला तरी गोळी सुटत नाही. म्हणूनच हत्यार खाली, म्हणजे रिकामं, केल्यावर घोडा पाडायला रिकामं मॅगझिन परत घालावं लागतं. वर्षानुवर्षं हेच करून अंमलदारांच्या बोटांना त्याची सवय झालेली.

चाचणीला आलेलं पिस्तूल वेगळ्या जातीचं. पॉलिमरची फ्रेम, बाहेर घोडा नाही, त्याऐवजी आत स्प्रिंगवर चालणारा स्ट्रायकर, अंगठ्यानं लावायचा सेफ्टी कॅच नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ च्या सुमारास ग्लॉक घेतलं, तेव्हापासून जगभरचे पोलीस याच वळणाचं पिस्तूल वापरू लागले. आमच्यापुढचं मॉडेल त्याच वळणाचं, पण किमतीनं बरंच खाली. कंपनीचं नाव घेत नाही.

रेंजवर जायच्या आधी मी डमी राउंड, म्हणजे न फुटणारी खोटी काडतुसं, घेऊन बसलो. एकेका अंमलदाराला बोलवायचं, भरलेलं पिस्तूल द्यायचं आणि म्हणायचं, "खाली करून जमा करा." बाकी काही सांगायचं नाही. एक जुने हवालदार आले. नेमबाजीत आमच्या घटकाचं नाव काढलेला माणूस. त्यांनी मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, पिस्तूल भिंतीकडे केलं आणि चाप ओढला. खट्. मी पिस्तूल मागून घेतलं आणि स्लाइड ओढली. डमी टेबलावर उडून पडली. हवालदार तिच्याकडे बघतच राहिले. या पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी चाप मरत नाही; जिवंत काडतूस असतं तर भिंतीला भोक पडलं असतं. ते एकटे नव्हते. कुणी आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, म्हणजे एक राउंड बाहेर आला आणि दुसरा चेंबरमध्ये जाऊन बसला. त्यात हे पिस्तूल साफसफाईला उघडायचं तर आधी चाप ओढावाच लागतो. हा दोष पिस्तुलाचा म्हणता येणार नाही, पण बदलाची किंमत तर आहेच, आणि ती निविदेत कुठेच दिसत नाही.

रेंजवर वेगळंच निघालं. आमचा राउंड खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, तळाला केएफ असा ठसा. कार्बाइनलाही तोच, पिस्तुलालाही तोच. त्याचा प्रायमर, म्हणजे ठोका बसल्यावर ठिणगी देणारी तळाची टोपी, जरा कडक. नव्या पिस्तुलात मधूनच नुसतं खट् व्हायचं. न फुटलेली काडतुसं आणि जुन्या पिस्तुलाच्या पुंगळ्या शेजारी शेजारी ठेवून भिंग लावलं. पुंगळीवर खोल वाटी, काडतुसावर नखानं दाबल्यासारखी खूण. जुन्या हत्यारात अशा वेळी घोडा अंगठ्यानं पुन्हा चढवून बघता येतं. यात स्लाइड ओढून राउंड फेकण्यावाचून गत्यंतर नाही. कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, "आम्ही सुचवतो तो राउंड वापरा." त्याला म्हटलं, "दादा, आमच्याकडे राउंड निवडून येत नाही, जो येतो तोच."

मग त्यांनी ताठ स्प्रिंग पाठवली. मिसफायर थांबले, पण चाप जड झाला. वजन टांगून पाहिलं तर आधी अडीच किलोच्या आसपास सुटणारा चाप आता तीनच्या वर गेला. लहान हाताच्या अंमलदारांच्या, त्यात आमच्या बऱ्याच ताई, गोळ्या निशाणाच्या खाली डावीकडे जायला लागल्या. मुठीमागची सर्वांत पातळ पट्टी लावल्यावर बोट चापावर नीट पोचलं आणि निम्मं दुखणं गेलं. ती पट्टी पिस्तुलासोबत येत नव्हती, वेगळी विकत घ्यायची होती!

पावसाळी बंदोबस्तात एक नमुना मॅगझिनशिवाय, ओल्या होल्स्टरमध्ये फिरवला. स्लाइडला काही झालं नाही. मागच्या साइटचा स्क्रू तेवढा तांबूस झाला. पाडण्याची चाचणी नेहमीच्या सव्वा मीटरच्या आसपास उंचीवरून घेतात, पण मी स्लाइडची मागची बाजू आधी आदळेल अशा तिरक्या कोनातूनही घ्यायला लावली. कारण सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल नेमून दिलेल्या चाचण्यांत पास झालं होतं, तरी ठराविक कोनात पडल्यावर त्यातून गोळी सुटू शकते हे समजल्यावर २०१७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीला सुधारणा जाहीर करावी लागली. आमचा नमुना सुटला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सैन्यानं पी३२० वर आधारलेलं पिस्तूल निवडलं, त्यात सिगच्या किमतीचा आकडा सुमारे १७ कोटी डॉलर आणि ग्लॉकचा सुमारे २७ कोटी. ग्लॉकनं तक्रार केली, ती फेटाळली गेली. म्हणजे एल-वनची, सर्वांत कमी बोलीची, ओढ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की आकडा पूर्ण मांडा. मी अहवालात पिस्तुलाखाली लिहीत गेलो: जादा मॅगझिन, पट्ट्यांचे संच, स्प्रिंगा, होल्स्टर, डमी राउंड, सवय मोडेपर्यंतच्या सरावाचे राउंड, आणि खिडकीशेजारी हत्यार खाली करायला वाळूचं पिंप. बेरीज केल्यावरही पिस्तूल महाग ठरत नव्हतं, पण पहिल्या आकड्याशी तिची ओळख उरली नव्हती. मंडळानं शिफारस केली ती या अटींसकट, आणि नव्या स्प्रिंगेसह फेरचाचणी झाल्यावरच.

फाइल वर गेली आणि एका शेऱ्यासह परत आली: वाळूच्या पिंपाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार? आवारात तेलाची रिकामी पिंपं पडली होती, वाळूही बांधकामाची उरलेली होती. उत्तरात लिहिलं, "खर्च निरंक."