अँजेला जिना उतरते : सहावा आठवडा

‘सायलेंट हिल २’ हा भयकथेचा व्हिडिओ गेम अजून पूर्ण खेळला नसेल, तर आधी तो संपवून या. खाली सगळंच उघड केलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी ट्वाइनमध्ये (लिंकांवर चालणारे मजकुराचे खेळ बनवायचं साधन) एक छोटा, फक्त मजकुराचा खेळ लिहितेय, मराठीत. मूळ खेळातली अँजेला ओरोस्को हॉटेलच्या जळत्या जिन्यावरून वर जाते तिथून तो सुरू होतो आणि ती जिवंत गावाबाहेर पडते तिथे संपतो. गेल्या रविवारपर्यंत ३९ पॅसेज, म्हणजे मजकुराचे तुकडे, झाले होते. या आठवड्यात त्यातले ११ उडवले.

का, ते सांगते. मूळ खेळात (२००१) एंडिंग, म्हणजे शेवट, कसं ठरतं, हे तुम्हाला माहीत आहेच. गुण कुठे दिसत नाहीत, पण खेळ सतत मोजत असतो. जखमी अवस्थेतच फिरत राहिलात, जेम्सकडे आलेली अँजेलाची सुरी इन्व्हेंटरीतून (जवळच्या सामानातून) काढून न्याहाळलीत, की खेळाचा नायक जेम्स ‘इन वॉटर’कडे, म्हणजे स्वतःला संपवण्याकडे, सरकतो. तब्येत सांभाळली, त्याच्या मृत पत्नीचा, मेरीचा, फोटो पाहिला, तिचं पत्र वाचलं, की ‘लीव्ह’कडे, म्हणजे गाव सोडून जाण्याकडे. मला ही रचना फार आवडते, म्हणून तीच घेतली. माझ्या खेळात तीन छुपे आकडे होते: अँजेला किती वेळा थांबून बसते, किती वेळा मागे वळते आणि हाक आली तर ओ देते का. बेरीज जमली तर सकाळ, नाहीतर आग.

दहा-बारा वेळा खेळून पाहिल्यावर मी काय लिहून बसलेय ते कळलं. नीट वागली तर वाचेल! मग मूळ खेळात ती वाचली नाही, ते नीट वागली नाही म्हणून? बापाने तिच्यावर अत्याचार केले, आणि हे तुझ्या वाट्याला यायलाच हवं होतं, असं आईनेही सांगितलं, हे ती स्वतःच त्या जिन्यावर बोलते. मी तिच्या आईचंच म्हणणं व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्या छुप्या आकड्यांत, घालून ठेवलं होतं. रात्री साडेबाराला तिन्ही आकडे काढले, आगीकडे जाणारे पॅसेजही काढले.

जेम्ससाठी तेव्हाही एकाहून जास्त एंडिंग होती, २०२४ च्या रीमेकने त्यात दोनची भर घातली. अँजेलासाठी एकही वेगळं नाही. तुम्ही कसेही खेळा, ती जिना चढतेच. मी आता हेच उलटं फिरवलंय. माझ्या खेळात तुम्ही काहीही निवडा, ती उतरतेच. कधी लवकर, कधी फार उशिरा, एका वाटेवर तर चार वेळा परत वर जाऊन.

पहिल्या मसुद्यात जेम्सच तिला वाचवत होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. माझ्यावर प्रेम करशील का, मला सांभाळशील का, माझं सगळं दुखणं बरं करशील का, असं ती त्याला विचारते आणि तो गप्प राहतो. त्या गप्प राहण्याचा मला कित्येक वर्षं राग होता. मी त्याच्या तोंडी ‘हो’ घातलं, आणि तो संवाद वाचवेना. उत्तर काय येणार, हे तिला विचारतानाच माहीत असतं. शिवाय ज्याला स्वतःचंच ओझं पेलत नाही, त्याने असं वचन दिलं तर ते तिला मिळालेलं आणखी एक खोटं वचन होईल. म्हणून जेम्स माझ्या खेळात परत येत नाही. सुरी त्याच्याकडेच राहते.

मूळ खेळातली लॉरा मात्र येते. आठ वर्षांच्या लॉराला गावात राक्षस दिसत नाहीत, तिच्यासाठी ते साधं ओस गाव आहे. तिने अँजेलाला वाचवायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलंय. लहान पोरीवर ते ओझं नको. ती फक्त समोरून जाते, आणि ज्या जागी अँजेलाला आग दिसतेय तिथे बसून बुटाची नाडी बांधते. हा पॅसेज सात वेळा लिहिला. आता जमलाय असं वाटतं.

एका शब्दावर दोन दिवस गेले. दफनभूमीतल्या पहिल्या भेटीत अँजेला ‘मामा’ म्हणते आणि लगेच सावरून ‘मदर’ म्हणते. तो तिच्यातला लहान मुलीचा आवाज. मराठीत ‘मामा’ लिहिलं तर आईचा भाऊच उभा राहतो. ‘मम्मा’ आणि मग ‘आई’ असं ठेवलंय. याहून बरं सुचलं तर जरूर सांगा.

बाकी किरकोळ: पार्श्वभूमीचा रंग प्रत्येक पॅसेजला नारिंगीकडून राखाडीकडे सरकतो, मोबाइलवर अक्षरं मोठी केली. मूळ खेळाचे संगीतकार यामाओका यांचं संगीत वापरणार नाही, ते माझं नाही.

शेवट त्याच दफनभूमीत ठेवलाय. ‘लीव्ह’मध्ये जेम्स आणि लॉरा तिथूनच बाहेर पडतात, अँजेलाही तिथूनच जाईल. सध्या शेवटच्या पॅसेजमध्ये एवढंच आहे: धुकं, ओली माती, आणि तिला भूक लागलीय. पुढची लिंक रविवारी जोडते.