एरर टू नावाचा निरोप्या

ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर) सोर्स कोडवरून बांधताना काही बिनसलं की पडद्यावर शेवटी उरतं ते एवढंच: मेक, तीन तारे, एरर २. माणूस नेमकी हीच ओळ गुगलवर टाकतो आणि सतराशे साठ उपाय गोळा करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ‘मेक’ म्हणजे बांधणीची कामं चालवणारा प्रोग्रॅम; ही ओळ बिचारी त्याची नुसती निरोप्या. आत कोणीतरी पडलं, एवढंच तिला ठाऊक. ‘मेक -जे १६’ दिलं असेल तर सोळा कामं एकदम चालतात, आणि पडलेल्याच्या अंगावर बाकीच्या पंधरांची बडबड साचते. तोच हुकूम ‘-जे १’ लावून पुन्हा द्यावा. मग खरी चूक तळाशी, निरोप्याच्या जरा वरच दिसते.

तिथे ‘किल्ड’ हा शब्द दिसला तर कंपायलरला (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) बोल लावू नये. रॅम संपली म्हणून लिनक्सनेच त्याला मारलेलं असतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ‘-जे २’ बरं.

एफएफटीडब्ल्यूचं, म्हणजे ग्रोमॅक्सला लागणाऱ्या फूरिए गणिताच्या लायब्ररीचं, दुखणं जास्त खट्याळ. हाताने बांधली तर ती डबल प्रिसिजनची (दुप्पट बारकाईच्या आकड्यांची) होते. ग्रोमॅक्सला नेहमीच्या बांधणीत सिंगल लागते, जिच्या नावाच्या शेवटी एफ असतो. एफएफटीडब्ल्यू कॉन्फिगर करताना ‘एनेबल-फ्लोट’ राहिलं, की लायब्ररी समोर असूनही सीमेक (मेकच्या आधी बांधणीची तयारी करणारा प्रोग्रॅम) म्हणतो, सापडत नाही. ‘जीएमएक्स बिल्ड ओन एफएफटीडब्ल्यू’ हा पर्याय ऑन करून ती ग्रोमॅक्सलाच बांधू देणं हा आळशी मार्ग, आणि तोच बरा. फक्त ती नेटवरून उतरते. क्लस्टरच्या नोडला (एकत्र जोडलेल्या संगणकांपैकी एकाला) नेट नसेल तर तिथेच अडतं.

आणि कॅश, म्हणजे सीमेकची जुनी टिपणवही! सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा कंपायलर जीसीसी ४.८.५ हा सी प्लस प्लस भाषेची १७ ही आवृत्ती जाणत नाही, आणि ग्रोमॅक्सला २०२१ च्या आवृत्तीपासून तेच हवं. म्हणून नवा जीसीसी आणला, तरी सीमेक जुन्याचंच नाव घेतो, कारण पहिल्या खेपेला त्याने ते सीमेककॅश फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. फाइलमध्ये खाडाखोड करत बसू नये. बिल्ड फोल्डर अख्खा उडवावा, नवा करावा, आणि सीमेकला सी व सी प्लस प्लस या दोन्ही कंपायलरांचे पत्ते द्यावेत. एकच दिला तर दुसरा जुनाच राहू शकतो.

मग मेक चेक ही चाचणी हिरवी होते, इन्स्टॉल होतं, आणि ‘जीएमएक्स’ हा ग्रोमॅक्सचा हुकूम टाइप केल्यावर टर्मिनल म्हणतं: कमांड नॉट फाउंड. जीएमएक्सआरसी ही टर्मिनलला ग्रोमॅक्सचा पत्ता सांगणारी फाइल सोर्स (म्हणजे टर्मिनलमध्ये लागू) करायची राहिलेली असते.